डासाला विचारा : हत्तीरोग खरंच गेला का?



हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की विदर्भातल्या शाळांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, आमच्या गावात आता कुणाचाच पाय सुजलेला दिसत नाही. जुनी म्हातारी माणसं होती, ती गेली. मग आमच्या पोरांना या गोळ्या कशाला?" काही पालक तर वहीच्या पानावर चिठ्ठी लिहून पाठवतात, की माझ्या मुलाला गोळी देऊ नये.

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं समजून आपण तो झटकून टाकतो. पण प्रश्न रास्त आहे. आरोग्य खात्यालाही तोच पडलेला असतो, फक्त शब्द वेगळे असतात. गोळ्या थांबवायच्या कधी? आणि रोग गेला हे ठरवायचं कशावरून?

याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञ एका मजेशीर साक्षीदाराकडे जातात. तो साक्षीदार म्हणजे डास! पकडलेल्या डासांची तपासणी करून रोग शिल्लक आहे की नाही ते पाहायचं, ही ती पद्धत. आज तिची माहिती घेऊ. विज्ञानाच्या तासाला हा विषय चालेलच, पण दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यालाही त्यातून एक छान उदाहरण मिळतं. ते पुढे येईल.

पाय सुजण्याच्या आधीची वर्षं

हत्तीरोग हा कृमींमुळे होणारा रोग. भारतात जवळजवळ सगळा हत्तीरोग वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या दोऱ्यासारख्या बारीक कृमीमुळे होतो. त्याची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते, नर तिच्या निम्म्याहून लहान. हे कृमी रक्तात राहत नाहीत. ते राहतात लसीकावाहिन्यांमध्ये, आणि तिथे चार-सहा वर्षं सुखाने जगतात. मादी या काळात लाखो सूक्ष्म अळ्यांना जन्म देते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. या अळ्या मात्र रक्तात येतात.

मुलांना हा भाग सांगताना दोन गोष्टींवर थांबा.

पहिली गोष्ट म्हणजे या अळ्यांचं घड्याळ. दिवसा त्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. रात्री दहा ते दोनच्या सुमारास त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. आणि हा रोग आपल्याकडे पसरवणारा क्युलेक्स डास चावतो कधी? रात्रीच! म्हणून तर आरोग्य खात्याची माणसं रक्ताचे नमुने घ्यायला रात्री साडेआठ-नऊनंतर दारात येतात. लोक वैतागतात, पण दिवसा तेच रक्त घेतलं तर त्यात बहुधा काहीच सापडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्याच्या रक्तात या अळ्या फिरत असतात तो माणूस बहुतेक वेळा दिसायला ठणठणीत असतो. शेतात राबतो, सायकल चालवतो, लग्नात नाचतो. पाय सुजणं, अंडवृद्धी होणं ही खूप उशिरा येणारी लक्षणं. संसर्गानंतर कित्येक वर्षांनी ती दिसतात, आणि अनेकांना तर कधीच दिसत नाहीत. उलट ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे, त्याच्या रक्तात अळ्या पुष्कळदा सापडतही नाहीत. म्हणजे सुजलेले पाय मोजून आपल्याला वीस वर्षांपूर्वीचा हिशेब कळतो, आजचा नाही. गावात सुजलेला पाय दिसत नाही म्हणून गोळी नको म्हणणाऱ्या पालकांना नेमकं हेच सांगावं लागतं.

डासाच्या पोटातून

आता डासाकडे वळू. क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस असं लांबलचक नाव असलेला हा आपला नेहमीचा घरगुती डास. गटारं, तुंबलेल्या नाल्या, शोषखड्डे, संडासाच्या टाक्या, जिथे घाण पाणी तिथे हा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो हे मुलांना पाठ असतं. त्यामुळे घाण पाण्यातला डास फारसा धोक्याचा नाही असा उलटा समज काही मुलं करून घेतात. तो इथे दुरुस्त करून घ्यावा.

हत्तीरोग डासातून जातो हे कळलं ते १८७७ मध्ये. पॅट्रिक मॅन्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर तेव्हा चीनमधल्या अमॉय बंदरात काम करत होते. त्यांच्या माळ्याच्या रक्तात या अळ्या होत्या. मॅन्सन यांनी त्या माळ्याला डास सोडलेल्या जागेत झोपवलं, रक्त पिऊन टम्म झालेले डास पकडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाहिले. डासाच्या पोटात अळ्या मेलेल्या नव्हत्या, त्या वाढत होत्या! एखादा कीटक माणसाच्या रोगाचा परजीवी आपल्या शरीरात वाढवतो, हे असं पहिल्यांदा दिसलं. पुढे रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचं मूळ डासात शोधायला याच मॅन्सन यांनी लावलं, आणि १८९७ मध्ये सिकंदराबादला रॉस यांना ते सापडलं.

मॅन्सन मात्र एका ठिकाणी चुकले. त्यांना वाटलं की डास पाण्यात पडून मरतो, अळ्या पाण्यात जातात आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो. अळी डासाच्या सोंडेपर्यंत येते आणि चावण्याच्या वेळी बाहेर पडते, हे १९०० मध्ये स्पष्ट झालं. मला हा भाग वर्गात सांगायला फार आवडतो. पाठ्यपुस्तकातलं विज्ञान एकदम पूर्ण होऊन आलेलं दिसतं. इथे एकाच माणसाचं अर्धं बरोबर आणि अर्धं चूक, दोन्ही एकत्र बघायला मिळतं.

डासाच्या शरीरात नेमकं काय होतं? रक्ताबरोबर अळी पोटात जाते, पोटाची भिंत भेदून छातीच्या स्नायूंत शिरते, तिथे दोनदा कात टाकते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी संसर्ग करण्याजोगी होऊन सोंडेकडे सरकते. डास चावला की ती त्वचेवर उतरते आणि चावल्याच्या जखमेतून आत शिरते.

आता गंमत बघा. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात एकाचे हजारो होतो. हत्तीरोगाची अळी तशी वाढत नाही. एक अळी आत गेली तर फार तर एकच बाहेर येणार. त्यातही बहुतेक डास चौदा दिवस जगतच नाहीत. माणसाच्या शरीरातही अळ्या कितीही जन्मल्या तरी डासातून गेल्याशिवाय त्यांचे मोठे कृमी होत नाहीत. त्यामुळे एखाद-दुसऱ्या चाव्याने हत्तीरोग होत नाही. संसर्ग असलेल्या डासांचे शेकडो चावे वर्षानुवर्षं बसावे लागतात. शिवाय वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टीला माणसाशिवाय दुसऱ्या प्राण्याचा आसरा नाही. हा रोग घालवता येईल असं जगाला वाटलं ते याच दुबळेपणामुळे. पुरेशा माणसांच्या रक्तातून अळ्या काही वर्षं नाहीशा केल्या की साखळी आपोआप तुटते.

त्या कामासाठी गोळ्या आहेत. डीईसी आणि अल्बेंडाझोल वर्षातून एकदा, निदान पाच वर्षं, आणि एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्यक्ष गिळलेल्या. घरी नेऊन फडताळात ठेवलेल्या गोळ्या यात धरत नाहीत. अलीकडे काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषधही जोडलं जातं. महाराष्ट्रात ही तीन औषधांची पद्धत नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये सुरू झाली. गोळ्यांनंतर कुणाला ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर पालक घाबरतात. पण हा त्रास बहुतेक वेळा रक्तातल्या अळ्या मरत असल्यामुळे होतो आणि एक-दोन दिवसांत जातो. उपाशीपोटी गोळ्या देऊ नयेत, ही सूचना मात्र शाळेत काटेकोर पाळावी. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसं यांना त्या देत नाहीत.

पहिली-दुसरीच्या मुलांचीच परीक्षा का?

पुरेशी वर्षं गोळ्या देऊन झाल्या की थांबायचं की नाही हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक पाहणी ठरवून दिली आहे. ती बहुधा शाळेतच होते, म्हणून आपल्याशी तिचा थेट संबंध. सहा-सात वर्षांची, म्हणजे पहिली-दुसरीतली मुलं निवडतात. बोटाला टोचून रक्ताचे दोन-तीन थेंब घेतात आणि एका पट्टीवर टाकतात. दहा मिनिटांत निकाल. मोठ्या कृमीने रक्तात सोडलेला एक पदार्थ ही पट्टी ओळखते, त्यामुळे तपासणी दिवसा केली तरी चालते.

लहान मुलंच का, असं आया विचारतात. कारण ही मुलं गोळ्यांची मोहीम सुरू असतानाच जन्मली. मोठ्या माणसाच्या शरीरात जुना कृमी असू शकतो. पण सहा वर्षांच्या मुलात कृमी सापडला तर तो गेल्या काही वर्षांतलाच, म्हणजे रोगाचा प्रसार अजून चालू आहे.

मोठ्या विभागात साधारण दीड हजारांच्या वर मुलं तपासतात, आणि बाधित मुलं सुमारे १८-२० या ठरलेल्या मर्यादेच्या आत असली तर विभाग उत्तीर्ण! गोळ्या थांबतात. एका विभागाची लोकसंख्या वीस लाखांपर्यंत असू शकते, हे लक्षात ठेवा. त्याचं कारण पुढे येतंय.

शिक्षक म्हणून 'उत्तीर्ण' या शब्दाकडे आपण जरा सावधपणेच बघतो. वर्गाची सरासरी चांगली आली तरी शेवटच्या बाकावर दोन मुलांना वाचता येत नसतं, हे आपल्याला माहीत असतं. हत्तीरोगाच्या बाबतीत नेमकं तसंच झालं, श्रीलंकेत.

गॉलचे डास

श्रीलंका हा हत्तीरोगाविरुद्ध फार जुनी आणि शिस्तशीर लढाई दिलेला देश. तिथली हत्तीरोगविरोधी यंत्रणा १९४७ पासूनची. पश्चिम, दक्षिण आणि वायव्य किनारपट्टीच्या प्रांतांतल्या आठ जिल्ह्यांत हा रोग होता. २००२ ते २००६ अशी सलग पाच वर्षं तिथे डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या दिल्या गेल्या. मग थांबले.

सहा वर्षांनी मोठी फेरतपासणी झाली. आठही जिल्ह्यांचे अकरा विभाग करून शाळकरी मुलं तपासली. सगळे अकरा विभाग सहज उत्तीर्ण! इथेच थांबता आलं असतं. पण संशोधकांनी याच जिल्ह्यांतल्या १९ लहान भागांमध्ये आणखी खोलवर पाहणी केली. त्यांनी रात्री मोठ्या माणसांचं रक्त तपासलं, मुलांच्या रक्तात या कृमीविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते पाहिलं, आणि डास पकडले.

डास पकडायचा सापळा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. टबमध्ये कुजलेल्या गवताचं घाणेरडं वासाचं पाणी, वर बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आणि जाळीची पिशवी. संध्याकाळी लावायचा, सकाळी काढायचा. या वासाला भुलून येते ती अंडी घालायला जागा शोधणारी मादी. आणि अंडी घालायला आलेली मादी म्हणजे दोन-तीन दिवसांपूर्वी कुणाचं तरी रक्त पिऊन आलेली मादी! दिव्याच्या सापळ्यात उपाशी डासही येतात, त्यांच्याकडून काही कळत नाही. घाण पाण्याच्या सापळ्यात येणारी प्रत्येक मादी मात्र त्या वस्तीतल्या कुणाच्या तरी रक्ताचा नमुना घेऊन येते. सुई नाही, संमतीपत्र नाही, रात्री दार वाजवणं नाही. ज्याने गोळी कधीच खाल्ली नाही आणि तपासणीच्या दिवशी मागच्या दाराने सटकला, त्याचंही रक्त तिने प्यायलेलं असतं.

निकाल काय आला? डासांमधल्या परजीवीच्या डीएनएची तात्पुरती मर्यादा संशोधकांनी ०.२५ टक्के धरली होती. म्हणजे हजार डासांमागे अडीच. १९ पैकी १० भागांनी ती ओलांडली! प्रतिपिंडांचंही तसंच. दहा ठिकाणी मुलांमधलं प्रमाण ठरवलेल्या दोन टक्क्यांच्या वर. ज्या विभागांना शाळेतल्या तपासणीने पास केलं होतं, त्यांच्याच पोटात रोग हळूहळू धुमसत होता. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेल्या गॉल जिल्ह्यात हे काम आणखी मोठ्या प्रमाणावर झालं, आणि मुलांच्या तपासणीत उत्तीर्ण झालेल्या तिथल्या भागातले डास पुन्हा तीच साक्ष देत राहिले. दक्षिण किनाऱ्यावर काथ्यासाठी नारळाची सोडणं खड्ड्यांतल्या पाण्यात कुजत घालतात. कोकणातल्या वाचकांना ते चित्र लगेच दिसेल. क्युलेक्सला यापेक्षा चांगलं पाळणाघर कुठलं?

इथे कुणी विचारेल, मग २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला हत्तीरोगमुक्तीचं प्रमाणपत्र कसं दिलं? त्यासाठी शब्द नीट वाचावा लागतो. प्रमाणपत्र असतं ते 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दुरीकरण' झाल्याचं. दुरीकरण म्हणजे रोग ठरलेल्या पातळीच्या खाली आणणं. निर्मूलन म्हणजे देवीसारखा मुळासकट नाहीसा करणं. आपण बोलताना दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. श्रीलंकेने पहिलं साधलं आणि देखरेख चालू ठेवली. त्यात लबाडी काही नाही.

देखरेख कमी पडली तर काय होतं हे पॅसिफिकमधल्या अमेरिकन समोआ बेटांवर दिसलं. तिथेही २००० ते २००६ गोळ्या दिल्या. २०११ आणि २०१५ च्या शालेय पाहण्यांत बेटं उत्तीर्ण. २०१६ च्या पाहणीत नापास! २०१८ मध्ये गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या, या वेळी तीन औषधांच्या. आता खेदाची गोष्ट अशी, की २०११ मध्ये तिथे पकडलेल्या डासांत या कृमीचा डीएनए सापडलाच होता. डासांनी पाच वर्षं आधी सांगून ठेवलं होतं.

वीस-वीस डासांच्या पुड्या

आता गणिताच्या शिक्षकांसाठी.

पूर्वी डास एकेक करून तपासत. आपल्याकडे हत्तीरोग पथकातले कीटक समाहारक सकाळी घराघरांत टॉर्च आणि तोंडाने ओढायची काचनळी घेऊन जात. भिंतीवर, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे विसावलेले डास अलगद नळीत ओढायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक डास फाडून अळ्या शोधायच्या. फार कौशल्याचं आणि कंटाळ्याचं काम. शंभरात दहा डास बाधित असतात तेव्हा ते परवडतं. हजारात दोनच असतील तर पाचशे डास फाडून झाल्यावर एक मिळणार, तोही नशीब असेल तर.

म्हणून आता पीसीआर. कोविडमुळे हा शब्द घराघरांत पोचलाय, त्यामुळे समजावणं सोपं झालंय. डास वाळवून त्यांच्या वीस-वीसच्या पुड्या करतात. अख्खी पुडी एकत्र कुटून तिच्यात कृमीचा डीएनए आहे का ते बघतात. उत्तर फक्त 'आहे' किंवा 'नाही'. एका तपासणीत वीस डास! कोविडमध्ये एप्रिल २०२० ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच-पाच घशांचे नमुने एकत्र तपासायला परवानगी दिली होती, त्यामागे हीच युक्ती.

पण पुडी 'आहे' म्हणाली तर तिच्यात बाधित डास किती? एक? दोन? वीसही असू शकतात. मग टक्केवारी काढायची कशी?

समजा १०० पुड्या, म्हणजे २,००० डास, आणि १० पुड्या बाधित निघाल्या. मुलं लगेच सांगतात : १० भागिले २,०००, म्हणजे ०.५ टक्के. प्रत्येक बाधित पुडीत एकच डास होता असं त्यांनी मनात धरलेलं असतं. त्याऐवजी निरोगी पुड्यांकडे बघायला सांगा. निरोगी पुडीबद्दल आपल्याला पक्कं माहीत आहे, की तिच्यातले वीसच्या वीस डास निरोगी. एक डास निरोगी असण्याची संभाव्यता 'न' धरली, तर वीसही निरोगी असण्याची संभाव्यता 'न' चा विसावा घात. इथे १०० पैकी ९० पुड्या निरोगी, म्हणून 'न' चा विसावा घात बरोबर ०.९. ०.९ चं विसावं मूळ काढलं की 'न' येतो साधारण ०.९९४७. म्हणजे बाधित डास ०.५३ टक्के. ०.५ च्या जवळच.

आता तेच १०० पैकी ५० पुड्या बाधित आल्या तर? भोळा हिशेब २.५ टक्के सांगतो. आपली रीत सांगते ३.४ टक्के. फरक चांगलाच वाढला. श्रीलंकेतली ०.२५ टक्क्यांची मर्यादा पुड्यांच्या भाषेत सांगायची तर १०० पुड्यांमागे साधारण पाच. विसावं मूळ काढायला मोबाइलमधला कॅलक्युलेटर आडवा धरला की पुरतो.

लहान वर्गांसाठी याचा खेळ करता येतो. ८०० हरभरे घ्या. मोजायचं काम मुलांना द्या, त्यांना आवडतं. त्यातले ८ काढून त्याऐवजी ८ काळे वाटाणे मिसळा. नीट कालवा. वीस-वीस दाण्यांच्या ४० पुड्या करा आणि प्रत्येक गटाने पुडी उघडून फक्त 'काळा आहे' किंवा 'काळा नाही' एवढंच सांगायचं, किती ते सांगायचं नाही. बहुतेक वेळा सात किंवा आठ पुड्या 'आहे' म्हणतात. मग काळे वाटाणे ४० करून पुन्हा खेळा. आता चाळीसच्या चाळीस पुड्या काळ्या निघतील असा मुलांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात पंचवीस-सव्वीसच्या आसपास निघतात, कारण एकाच पुडीत दोन-तीन काळे जाऊन बसतात. मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होतात. सातवीपासून पुढे कुठल्याही वर्गाला हा खेळ एका तासात होतो. हरभरे दुसऱ्या दिवशी भिजत घालून उसळ करता येते, ते वेगळंच.

डास काय सांगत नाही

डासाची साक्षही अर्धवटच असते, तेही मुलांना सांगायला हवं.

पुडीत डीएनए सापडला याचा अर्थ त्या डासाने रोग पसरवलाच असता असा नाही. पोटात कालची मेलेली अळी असली तरी पीसीआरला ती कळते. सोंडेपर्यंत पोचलेली तयार अळी वेगळी. तेव्हा 'डासात डीएनए' याचा खरा अर्थ एवढाच, की जवळपासच्या कुणाच्या तरी रक्तात अळ्या आहेत. कुणाच्या, ते डास सांगत नाही. मग त्या वस्तीत रात्री जाऊन मोठ्या माणसांचं रक्त तपासावंच लागतं. शिवाय सापळे कुठे लावले यावरही बरंच अवलंबून असतं. क्युलेक्स सहसा आपल्या पैदाशीच्या जागेपासून फार लांब जात नाही, त्यामुळे चार गल्ल्या सोडून लावलेल्या सापळ्याला पलीकडची वस्ती कळतच नाही. वीस लाखांच्या विभागात रोग असा चार-दोन वाड्यांपुरता उरलेला असतो, आणि शाळांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दीड हजार मुलांत त्या वाडीची मुलं आलीच नाहीत तर विभाग पास होतो. लोकसंख्या लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

आणि खर्च. पीसीआरची प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसं, हजारो डास. प्रत्येक जिल्ह्याला हे जमणार नाही. आपल्या देशात पुदुच्चेरीच्या कीटकनियंत्रण संशोधन केंद्राने तामिळनाडूत अशा डास-तपासणीचं बरंच काम केलं आहे. आपल्याकडे सेवाग्रामला हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षं संशोधन झालं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. माझं स्वतःचं मत असं, की सगळीकडे शक्य नसलं तरी जिथे शंका आहे, जिथे गोळ्या न खाणाऱ्यांची संख्या जास्त आहे, तिथे तरी सापळे लावल्याशिवाय 'रोग गेला' म्हणू नये.

तीन औषधांच्या जिल्ह्यांत तर आता थांबण्याचा निर्णय मोठ्या माणसांच्या रात्रीच्या रक्तावरून करायची रीत आली आहे. त्याचं कारण साधं आहे. शाळेतली मुलं बाईंसमोर गोळी गिळतात. घरी वडील मात्र "मला काय झालंय?" म्हणून ती खिशात टाकतात. श्रीलंकेतही संसर्ग पुरुषांमध्ये जास्त आढळला होता.

तेव्हा पुढच्या मोहिमेत कुणी पालकांनी विचारलं, "अजून किती वर्षं?" तर हिशेब सांगता येईल. गोळ्या थांबल्यानंतरही शाळेतली पाहणी दोन-तीन वर्षांच्या अंतराने आणखी दोनदा करतात. म्हणजे आज आपल्या शाळेत पहिलीत बसलेलं मूल आणि गोळ्या आजच थांबल्या असं धरलं, तर शेवटच्या पाहणीचा निकाल येईल तेव्हा ते पाचवी ते सातवीत असेल, आणि बोट पुढे करायला त्याच्या जागी दुसरी मुलं पहिलीत आलेली असतील.